टायर आतून खाल्लंय, साहेब

कागलच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या पंक्चरच्या दुकानात पोरानं माझं पुढचं डावं चाक उतरवलं, टाकीत बुडवलं, बुडबुडे बघून खिळा शोधला आणि मग चाक फिरवून आतली कड माझ्यापुढं धरली. "टायर आतून खाल्लंय, साहेब. पंक्चर काढून देतो, पण हे घालून लांब जाऊ नका."

बाहेरून बघितलं तर टायर ठणठणीत. बाहेरच्या खाचेत बोट घातलं की नख बुडत होतं. आतल्या बाजूला मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा टकलासारखा गुळगुळीत झालेला, आणि एका ठिकाणी रबर संपून तारा वर आलेल्या. हात फिरवला तर तार टोचली. उजवं चाक पोरानं न उतरवताच, स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावून दाखवलं. तिथं तारा नव्हत्या, पण वाट तीच.

टायर घेऊन जेमतेम सात हजार किलोमीटर झाले होते. चार टायरांचे वीस हजार दिले होते. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात व्हील अलाइनमेंटचा प्रिंटआउट होता, आणि त्यावर पुढच्या चाकांचा 'टो', म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत त्याचे आकडे, हिरवे, म्हणजे मापात होते.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. लोकांनी केलेले पार्ट मोजायचे आणि चुकले की परत पाठवायचे, हे माझं रोजचं काम. कुणी नुसता कागद पुढं करून "साहेब, ओके आहे" म्हणालं, तर मी पहिल्यांदा विचारतो, कशावर ठेवून मोजलंस? स्वतःच्या गाडीबाबत हा प्रश्न मला सात हजार किलोमीटर सुचला नाही.

गाडी म्हणजे २०१४ची स्विफ्ट, पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. टायर १८५/६५ आर १५. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, आपल्या रस्त्यांना तो लागतोच. पण चाकाच्या वर मडगार्डपर्यंत चार बोटं मोकळी दिसायची, आणि मला ती गाडी आखूड पायजमा घातलेल्या माणसासारखी वाटायची. गाडी खाली आणायचं कारण एवढंच. रेसिंग, हँडलिंग वगैरे मी नंतर लोकांना सांगायला तयार केलेली कारणं.

कोल्हापुरात गाडी बसवायची, म्हणजे खाली आणायची म्हटलं की पहिला सल्ला येतो तो स्प्रिंगचा एक वेढा कापायचा. पाचशे रुपयांत काम. ते करायचं नाही, एवढी अक्कल होती. कापलेल्या स्प्रिंगचं टोक शॉकअपच्या वाटीत नीट बसत नाही, खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागची हलते. म्हणून मी चाळीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या तयार लोअरिंग स्प्रिंगा मागवल्या. सोळा हजार. बायकोला बारा सांगितले.

कायद्याचंही एकदाच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. मी हे सगळं स्प्रिंगा बसवल्यावर वाचलं. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी काय म्हणेल हा विचार तेव्हापासून मानगुटीवर आहे, म्हणून कुणी "बसवू का?" विचारलं तर मी आधी हे सांगतो.

घराजवळच्या गॅरेजमध्ये एका दिवसात काम झालं. मी शेजारी उभा होतो, फोटो काढत. पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली एकच लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा आडवा दांडा. शॉकअपचा खालचा भाग नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या तुकड्याला, दोन बोल्टांनी धरलेला. ते दोन बोल्ट काढले, वरचे माउंटचे नट सोडले, खांब बाहेर. स्प्रिंग दाबून बदलली, परत घातला. मागं तर आणखी सोपं, टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम असल्यानं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. संध्याकाळी गाडी खाली उतरवली. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मी टेप लावला तर पुढं एकेचाळीस, मागं अडतीस मिलिमीटर खाली. स्प्रिंगच्या कागदाला धरून आकडा आला, म्हणजे काम चोख, असं मी ठरवून टाकलं.

गॅरेजवाला म्हणाला, "आता एक अलाइनमेंट मारून घ्या." तसाच रात्री साडेसातला टायरच्या दुकानात गेलो. मशीनवरच्या पोरानं चारी चाकांना क्लॅम्प लावले, स्क्रीनवर लाल आकडे आले, त्यानं खाली जाऊन दोन्ही टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्यांचे, चेकनट सोडून रॉड फिरवले, आकडे हिरवे झाले. डाव्या कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय त्याचा, आकडा लालच राहिला. विचारलं तर म्हणाला, "या गाडीला कॅम्बर फिक्स असतो, साहेब. होत नाही." चारशे रुपये. मी तो कागद घडी घालून खणात ठेवला.

पहिले आठ दिवस मजेत गेले. मग गाडी उजवीकडे ओढायला लागली. आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या बाजूनं चालणारी गाडी सोडली तर थोडी डावीकडेच जाते. ही उताराच्या विरुद्ध, उजवीकडे जायची, म्हणजे ओढ बऱ्यापैकी होती. खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग हातात कळेल इतकं हलायचं. मी म्हटलं, नव्या स्प्रिंगा कडक आहेत, असंच असणार. आपण पैसे घातले की प्रत्येक खोटीला आपणच कारण शोधून देतो.

मग कागलचा तो खिळा.

पुढं दोन नवे टायर टाकले, मागचे बरे होते. या वेळी दुसरं दुकान, मोठं, थ्रीडी मशीनवालं. तिथं कळलं की पुढची दोन्ही चाकं टो-आउट आहेत. टो म्हणजे गाडीला वरून बघितलं तर चाकांचे चवडे आत वळलेत की बाहेर. डावं १९ मिनिटं बाहेर, उजवं १६. इथं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ऐकायला किरकोळ. घरी बसून हिशेब केला तेव्हा घाम फुटला. चाक २० मिनिटांनी तिरकं असेल तर एक किलोमीटर सरळ जाताना ते जवळपास पावणेसहा मीटर आडवं घासत जातं. सात हजार किलोमीटरला चाळीस किलोमीटर! म्हणजे मी ते टायर इथून निपाणीपर्यंत आडवंच ओढत नेलं होतं.

त्यात कॅम्बर. डावं चाक वरून १ अंश ४२ मिनिटं आत झुकलेलं, उजवं १ अंश १ मिनिट. गाडी बसवली की चाकं वरून थोडी आत झुकतात, ते अपेक्षितच. पण दोन्हीकडे सारखी झुकली तर ओढ नसते. इथं चाळीस मिनिटांचा फरक, आणि जे चाक कमी आत झुकलेलं त्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, गाडी ओढणार. बरं, नुसत्या दीड अंश कॅम्बरनं टायर सात हजारात तारेवर येत नाही. कॅम्बरनं आतल्या कडेवर वजन टाकलं आणि टोनं ती कड घासली, दोघांनी मिळून काम केलं.

या दुकानानं टो हिरवा केला. ओढ तशीच. त्यांनी पुढची चाकं डावी-उजवी अदलाबदल करून पाहिली. टायरातच खोट असेल तर अदलाबदलीनंतर ओढ दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा तपासणी योग्यच होती. ओढ जागची हलली नाही. वर आता सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं.

महिनाभरानं परत तपासलं, तर टो परत बाहेर. मी आधी घाबरून गेलो, कारण जुन्या कागदावर १९ होतं आणि या वेळी स्क्रीनवर शून्य दशांश तीस दिसत होतं. पोरगा म्हणाला, वाढलंय. मग लक्षात आलं की जुना कागद अंश-मिनिटांत आणि ही स्क्रीन दशांश अंशांत. शून्य दशांश तीस अंश म्हणजे १८ मिनिटं. जवळपास तिथंच आलं होतं. म्हणजे दर वेळी टो हिरवा करून मी बाहेर पडतो आणि दर वेळी तो तिथंच परत जातो. एकाच चुकीच्या जागी पुन्हा पुन्हा येणारा आकडा म्हणजे योगायोग नसतो. मशीन बरोबर सांगतंय, पण मोजताना काहीतरी वेगळं असतं, हा संशय मला तिथं पहिल्यांदा आला.

तिसऱ्या दुकानाचा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या पोरानं डाव्या कॅम्बरचा लाल आकडा बघितला, दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि कीबोर्डवर काहीतरी केलं. आकडा हिरवा झाला! मी खूश. मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं, तर गाडीचं मॉडेल बदललेलं. दुसरीच कुठलीतरी गाडी निवडलेली, जिला जास्त कॅम्बर चालतो. मी काही बोललो नाही. आमच्याकडेही एकदा एका पोरानं पार्ट बसत नाही म्हणून गेजच घासला होता.

शेवटी कंपनीतल्या टूलरूमच्या एका मित्रानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाठवलं. वय पासष्टच्या पुढं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मशीन नाही, लिफ्ट नाही. एक खड्डा, एक सपाट कोबा आणि भिंतीवर पान्यांची रांग. मी हिरवे-लाल कागद पुढं केले. त्यांनी ते बघितलेही नाहीत.

"गाडी बसवलीस व्हय?" खाली वाकून बघत म्हणाले. "आर्माचं बोल्ट सोडलं होतं का?"

"कुठल्या आर्मचे?"

"म्हंजे न्हाई." उठले. "बरं, ह्या अलाइनमेंटवाल्यानं जॅकवरनं गाडी खाली सोडली, तवा तबकड्यांच्या पिना काढल्या होत्या का?"

पुढच्या चाकाखाली अलाइनमेंटला फिरत्या तबकड्या असतात. त्यांना एक पिन असते, गाडी चढवताना तबकडी हलू नये म्हणून. मला आठवेना. पण मोबाइलमध्ये फोटो होते. मोठ्या दुकानात मशीन बघून कौतुकानं काढलेले, स्टेटसला ठेवलेले. एक फोटो मोठा करून बघितला. चाक तबकडीवर, टो हिरवा, आणि पिन भोकात जशीच्या तशी, लाल पट्टी लोंबतेय.

मामांनी मग जे दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. मला टेप दिला आणि हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजायला लावलं. ३४७ मिलिमीटर. मग पुढून जॅक लावून दोन्ही चाकं उचलली आणि परत खाली सोडली. "आता मोज." ३५६. नऊ मिलिमीटर! गाडी तीच, जागा तीच. "आता उद्यमनगराला एक चक्कर मारून ये." आलो. परत ३४७.

जॅकवर चाकं लोंबतात तेव्हा ती एकमेकांच्या थोडी जवळ येतात. खाली सोडली की त्यांना बाहेर पसरायचं असतं, पण टायर जमिनीला धरून बसतो, पसरू देत नाही, आणि गाडी पूर्ण खाली बसत नाही. तबकडी मोकळी असेल तर ती बाजूला सरकते आणि गाडी बसते. पिन आत असेल तर तबकडी आणि कोबा यांत फरक काय? म्हणजे प्रत्येक दुकानात माझी गाडी आठ-नऊ मिलिमीटर उंच उभी होती, त्या उंचीला टो बरोबर केला जायचा, आणि दुकानातून बाहेर पडून पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी खाली बसली की टो परत बाहेर. आकडे खोटे नव्हते. माझी गाडी ज्या उंचीवर कधी चालतच नाही, त्या उंचीचे ते खरे आकडे होते.

पण उंचीनं टो का बदलावा? मी विचारल्यावर मामांनी कोपऱ्यातल्या खराट्यातून दोन काड्या काढल्या. एक लांब, एक आखूड. दोन्हींची एकेक टोकं कोब्यावर थोड्या अंतरानं बोटांनी दाबून धरली. "ह्यो लोअर आर्म, ह्यो टाय रॉड. आतनं दोगं बॉडीला बांधल्यात, भायरनं दोगं चाकाला." मोकळी टोकं मला धरायला लावली आणि म्हणाले, "आता वर न्हे." दोन्ही काड्या आपापल्या कमानीत फिरल्या, आणि टोकांमधलं अंतर तिरकं होत गेलं. लांबी वेगळी, कोन वेगळा, मग दोघांची टोकं बाहेर-आत सारखी कशी सरकतील? कंपनीनं ठरवलेल्या उंचीला या दोघांचं जुळवून दिलेलं असतं. तिथून चाळीस मिलिमीटर सरकलात की जुळणी तुम्हीच मोडलीत. माझ्या गाडीला स्टिअरिंगचा रॅक, ज्याला टाय रॉड आतून जोडलेले असतात तो, एक्सलच्या मागं आहे. चाक वर गेलं की टाय रॉड चाकाची मागची बाजू आत ओढतो, म्हणजे चवडा बाहेर. खड्ड्यात स्टिअरिंगला बसणारा झटकाही त्यातलाच. चाक वर जातं आणि आपण न वळवता वळतं.

कॉलेजात मी हे शिकलो होतो. परीक्षेत आकृतीही काढली होती. खराट्याच्या काडीनं कळलं.

आता आर्मचे बोल्ट. लोअर आर्म बॉडीला जिथं बांधलेला असतो तिथं रबरी बुश असतं. ते बेअरिंगसारखं फिरत नाही. आतली नळी बोल्टनं आवळलेली, बाहेरची आर्मात ठोकलेली, मधलं रबर पीळ खातं. कंपनीत ते गाडीच्या मूळ उंचीला आवळलेलं. मी गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणली, पण बोल्ट सोडून परत आवळले नाहीत, म्हणून ते रबर गाडी उभी असतानाही चोवीस तास पिळलेलं. ते गाडीला वर ढकलत राहणार, आणि शेवटी फाटणार. मामांनी टॉर्च मारून दाखवलं, डाव्या बुशला चीर पडलीच होती.

दोन्ही आर्म काढून नवी बुश प्रेसवर बसवून आणली, शेजारच्याच गाळ्यात. आर्म परत लावताना मामांनी बोल्ट नुसते हातानं फिरवून ठेवले. गाडी कोब्यावर उतरवली. प्रत्येक पुढच्या चाकाखाली पत्र्याचे दोन चौकोनी तुकडे, मधे ग्रीस. त्यांची तबकडी हीच. ड्रायव्हर सीटवर सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं आणि त्यावर पान्यांची पेटी. "तुजं वजन किती?" "बहात्तर." "मग पेटीत अजून दोन हातोडं टाक." हवा चारी चाकांत सारखी बघितली, पेट्रोल अर्धी टाकी होतं ते चालवून घेतलं. बोनेटवर हात ठेवून चार-पाच वेळा दाबून सोडली, पुढं-मागं ढकलली. मग खड्ड्यात उतरून त्याच उंचीला बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. त्यानंतर जॅकवरून सोडून, ग्रीसच्या पत्र्यांवर, मोजलं. ३४५. चक्कर मारून आलो. ३४४. जॅकवरून उतरवल्यावर आणि चालवून आल्यावर नऊ मिलिमीटरचा फरक पडायचा तो आता एकावर आला.

कॅम्बर मामांनी ओळंब्यानं मोजला. गवंड्याचा असतो तसाच पितळी ओळंबा. मडगार्डवरून दोरी सोडली आणि रिमची वरची कड आणि खालची कड दोरीपासून किती लांब ते स्टीलच्या पट्टीनं बघितलं. डावीकडे वरची कड १२ मिलिमीटर जास्त आत, उजवीकडे ७. रिमची कड ते कड ४१५ मिलिमीटर भरली. मी मोबाइलवर त्रिकोणमिती केली, १ अंश ३९ मिनिटं आणि ५८ मिनिटं. थ्रीडी मशीनचे आकडे आठवा, १ अंश ४२ आणि १ अंश १. तीन मिनिटांचा फरक. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग मशीन बरं हाय की रं त्यांचं."

डावा-उजवा फरक कुठून आला? त्या दोन बोल्टांतून, ज्यांनी नकल शॉकअपला धरलेली असते. भोकं बोल्टापेक्षा किंचित मोठी असतात. स्प्रिंग बदलताना एका बाजूला चाक आत दाबलेलं असताना बोल्ट आवळले, दुसऱ्या बाजूला बाहेर ओढलेलं असताना, की झाला अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक. "फिक्स" कॅम्बर इतकाच फिक्स. माझ्या डोक्यात आलं होतं की कंपनीत नेऊन शॉकअपच्या पत्तीतलं भोक कानशीनं लांबट करावं, दहा मिनिटांचं काम. मामा चिडले. "भोक वाढवलंस की बोल्ट कुठं बसायचा? रस्त्यावर एक खड्डा, आनि चाक गेलं तिरकं."

त्यापेक्षा कॅम्बर बोल्ट मिळतात. त्याची दांडी थोडी बारीक आणि मधे विक्षिप्त फुगीर भाग, बोल्ट फिरवला की नकलचा वरचा भाग आत-बाहेर सरकतो. पुण्याहून कुरिअरनं मागवले, आठ दिवस गेले. वरच्या भोकात तेच घातले, ओळंबा बघत फिरवले, टॉर्कनं आवळले, आणि नट ते पत्ती अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकला. हे माझ्या धंद्यातलं आहे, त्यामुळे मामांना मी एकदा तरी "अगदी बरोबर" म्हणू शकलो.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. आधी कॅम्बर, मग टो. उलटं केलं तर सगळं परत. त्याआधी स्टिअरिंग मधोमध करून बांधलं, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे वळेपर्यंतचे फेरे मोजून. मोठ्या दुकानात स्टिअरिंग कललं ते याचमुळे, त्यांनी सगळी दुरुस्ती एकाच बाजूच्या रॉडला केली होती. मामांनी गाडीच्या दोन्ही बाजूंनी चार स्टँडना हबच्या उंचीला नायलॉनची दोरी ताणली, पुढचा-मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, थोडा वेगळा असतो तो हिशेब धरून गाडीला समांतर केली, आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर घेतलं. पाव फेरा रॉड फिरवला की पट्टीवर मिलिमीटरभर फरक. चेकनट आवळताना रॉड थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजणं. हे ते दर वेळी करत होते. मशीनवरच्या पोरांनी एकदाही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खातरजमा म्हणून मी एका दुकानात नुसतं मोजायला गेलो. पिना माझ्या हातानं काढल्या, पोरानं विचित्र नजरेनं बघितलं. कॅम्बर डावा ५२ मिनिटं, उजवा ४८, दोन्ही आत. टो दोन्हीकडे दोन-तीन मिनिटं आत. मागं टॉर्शन बीम, तिथं बसवल्यानं फारसं काही बिघडत नाही, दोन्ही चाकं एकाच बीमला बांधलेली असतात. मागचे आकडे सारखे होते, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत नव्हती. पोरानं विचारलं, "काय करायचं, साहेब?" म्हटलं, "काही नाही. क्लॅम्प काढ."

ओढ गेली. स्टिअरिंग सरळ. पण खड्ड्यातला झटका पूर्ण गेलेला नाही आणि जाणार नाही. काड्यांची भूमिती स्प्रिंग आहे तोवर तशीच राहणार. पावसाळ्यानंतर सासुरवाडीला कणकवलीला गेलो, राधानगरीमार्गे. चौघं आणि डिकी भरून. फोंडा घाटात एका वळणावर खड्डा आला आणि गाडी चक्क एक हात बाजूला सरकली. वजनानं गाडी आणखी खाली गेली होती, चाकं पुन्हा टो-आउटमध्ये, वर बंपस्टॉपच्या रबराला, जिथं चाकाची वर जायची हद्द संपते, टेकायला आलेली. एकट्यानं ऑफिसला जाताना जुळवलेली गाडी चार माणसांनिशी वेगळीच गाडी असते. बायको शांतपणे म्हणाली, "बारा हजारांच्या स्प्रिंगा ना?" तिला खरा आकडा कधीच कळलेला होता.

परत आल्यावर मामांना विचारलं. ते म्हणाले, माल भरून जायचं असंल तर जुन्या स्प्रिंगा घाल, न्हाईतर वजन कमी न्हे, त्यात अलाइनमेंट काय करनार? जुन्या स्प्रिंगा मी विकल्या नाहीत, माळ्यावर गोणपाटात आहेत.

त्या प्रिंटआउटच्या जागी खणात आता एक छोटी वही आहे. तारीख, किलोमीटर, चारी मडगार्डांची उंची, हवा, आणि टायरच्या आतल्या, मधल्या, बाहेरच्या खाचेची खोली. कंपनीतला डेप्थ व्हर्निअर रविवारी घरी आणतो. मामांच्या कामानंतर पाच हजार किलोमीटर झाले. उजवं टायर आत ६.३, मधे ६.४, बाहेर ६.४. डावं आत ६.०, मधे ६.३, बाहेर ६.४. डावीकडे तीन-चार दशांश अजून आतून जातंय, आणि पांढरी रेघ अखंड आहे, म्हणजे बोल्ट सरकलेला नाही. पुढच्या रविवारी उद्यमनगरात जाऊन दोरी लावून बघायची आहे. मामांनी फोनवर एवढंच विचारलं, "सकाळी येशील तवा पेट्रोल किती हाय, ते बघून ये."